पसंतीची सोबत

"भत्ता देनार म्हंजी शेव-फुटाण्याचा, का नुसता कुरमुऱ्याचा?" प्रयागबाईंनी विचारलं आणि समाजकल्याणच्या साहेबांच्या बशीतला चहा त्यांच्याच पँटवर सांडला.

आमच्याकडे आठवडे बाजारातून येताना पोरांसाठी जी कुरमुऱ्याची चटकदार पुडी आणतात, तिला भत्ता म्हणतात. प्रयागबाई आमच्या भिंतीला भिंत असलेल्या शेजारीण. त्यांना दुसरा कुठला भत्ता माहीत असायचं कारणच नव्हतं. साहेब तरुण होते. हसू आवरत म्हणाले, "आजी, खायचा नाही. खर्चाचा. कोर्टात साक्ष द्यायला गेल्यावर सरकार देतं तो."

"खायचा न्हाई तर मग कशाला सांगत बसलाय?" असं म्हणून प्रयागबाई हिरमुसल्या, पण उठल्या मात्र नाहीत. आमच्या ओसरीवर त्या दिवशी वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया जमल्या होत्या, आणि उठून गेलं तर पुढचं ऐकायला मिळणार नव्हतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा नव्वदच्या आधीचा, त्याचे नियम पंच्याण्णवचे, आणि त्या नियमातले दर आमच्या वाडीला पोचेपर्यंत सत्त्याण्णव उजाडलं. सरकारी कागदाला कळंबहून वाडीची गाडी मिळत नसावी. साहेबांनी चष्मा लावून वाचून दाखवलं : अत्याचार झालेल्या माणसाला आणि साक्षीदाराला जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेल्या दिवसाचा किमान वेतनाच्या दराने रोज, शिवाय खाण्यापिण्याचा खर्च. आणि ती बाई असेल तर तिला 'तिच्या पसंतीची एक व्यक्ती' सोबत नेता येईल. त्या सोबतीचंही भाडं, रोज आणि जेवण सरकारच भरून देईल.

"पसंतीची?" दोघीतिघी एकदम ओरडल्या.

"कायद्यातच आहे तसं," साहेब म्हणाले. "कोणाला न्यायचं ते पारूबाईंनी ठरवायचं. दुसऱ्या कोणी नाही."

पारूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या भुवयांवर नेहमीप्रमाणे थोडं पीठ होतं. जन्मात त्यांची पसंती कोणी विचारली नव्हती, लग्नातसुद्धा नाही. आता दिल्लीच्या सरकारने विचारली होती.

त्यांच्या भुवयांवर पीठ असायचं कारण आमची गिरणी. सासरे गेल्यावर आत्याबाईंनी महामंडळाचं कर्ज काढून वाडीच्या वेशीजवळ पिठाची गिरणी टाकली. लोक म्हणाले, आपल्या वस्तीपुरती चालेल. पण तेव्हा दुसरी गिरणी होती महाळुंगे पडवळला, आणि डोक्यावर दळण घेऊन तिथवर जायची हौस कोणाला असते? वर्षभरात वरच्या आळीच्या बायाही डबे घेऊन यायला लागल्या. आधी डबा लांबून सरकवायच्या. मग हातात द्यायला लागल्या. मग बाकड्यावर बसून सुनांच्या कागाळ्या सांगायला लागल्या. कागाळ्यांपर्यंत गोष्ट गेली की सोवळं आपोआप सुटतं, हा माझा अनुभव आहे.

गिरणीत कायदा एकच होता : नंबर. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. पंच्याण्णवच्या दिवाळीआधी, गर्दीच्या दिवशी, वरच्या आळीचा कोंडीभाऊ पोतं घेऊन आला आणि म्हणाला, माझं आधी काढ. आत्याबाई म्हणाल्या, "नंबरानं, भाऊ." तो पुन्हा म्हणाला. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. तेव्हा त्याने समोरचा भरलेला डबा लाथाडला, पीठ सगळ्या जमिनीवर झालं, आणि बाकड्यावर बसलेल्या सात-आठ बायांच्या देखत त्याने आत्याबाईंना उद्देशून जातीवरून तो शब्द वापरला. एकदा नाही. पोतं उचलून बाहेर पडेपर्यंत वापरत राहिला.

आत्याबाईंनी पट्टा उतरवला, गिरणीला कुलूप घातलं आणि त्या तशाच पिठाच्या लुगड्याने पोलिसांकडे गेल्या. तक्रार नोंदली गेली. पण बाकड्यावरच्या एकीनेही जबाब दिला नाही. कोणी म्हणालं ऐकू आलं नाही, कोणी म्हणालं आम्ही तेव्हा घरी गेलो होतो. लाथाडलेला डबा ज्यांचा होता त्या साळुबाईसुद्धा गप्प बसल्या. त्यांचे यजमान गेणू म्हणाले, कोंडीभाऊ आपल्या भावकीतला आहे, बायकांनी यात पडायचं नाही. तिथेच विषय मिटला. त्या मात्र आठवड्याने बाजरी घेऊन पुन्हा आल्या. आत्याबाईंनी नंबर लावून घेतला, दळून दिलं आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी गिरणीत पाय टाकला नाही.

आणि आता दीड-दोन वर्षांनी पुण्याच्या कोर्टातून समन्स आलं होतं.

साहेब गेले आणि वस्तीत जी धांदल उडाली ती काय सांगू! पुण्याची फुकट वारी, वर जेवण, वर रोज, आणि करायचं काय, तर नुसतं बसायचं. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तशी रीघ लागली. एक आली ती म्हणाली, मला पुण्यातले रस्ते पाठ आहेत. दुसरी म्हणाली, मला गाडी लागत नाही. प्रयागबाईंनी तर ठेवणीतलं लुगडं नेसून चक्कर मारली आणि "मी आपली सहज आले" म्हणून तासभर बसल्या.

"पारूबाई, आता सांगून टाका. पसंत कोन पडली?"

"पत्रिका जुळली पायजे," आत्याबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या आणि सगळ्या खिदळल्या.

मी आतून ऐकत होते आणि मनातल्या मनात पिशवी भरत होते. मी त्यांची सून, दहावी पास, कोर्टात काय लिहिलंय ते वाचता येणारी. माझ्याशिवाय त्या कोणाला नेणार? रात्री जेवायला बसलो तेव्हा मी सरळच विचारलं, "आत्याबाई, कंची साडी नेसू मी?"

"तुला कंची आवडंल ती. पर मी साळूला नेनार हाय."

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. "कोन साळू? गेणूची? आई, ती कोंडीभाऊच्या भावकीतली हाय. तिनं एका शब्दानं..."

"ठावं हाय मला."

"मंग तीच का?"

आत्याबाईंनी पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "तिथं व्हती ती. मी खरं बोलते का खोटं, हे कळनारं यक तरी मानूस समोर बसाया पायजे. तुमी समदी माझीच. तुमी मान डोलावनारच." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कायद्यानं माझी पसंती इचारलीया, रत्ना. तुझी न्हाई."

मी रुसले. चांगली दोन दिवस रुसले. पण मला एक गोष्ट माहीत होती. आमचे हे एसटीत कंडक्टर होते आणि कंडक्टरच्या बायकोला फुकट पास मिळतो. सरकारने दोघींचं भाडं द्यावं, तिसरी आपल्या नवऱ्याच्या जिवावर जाईल. असं जाहीर करून मी पिशवी भरली.

खरा प्रश्न होता गेणूभाऊंचा. आत्याबाई स्वतः त्यांच्या दारात गेल्या, मी मागोमाग. ते आधी तडकले, "न्हाई जमनार! आमच्या बाईमानसाला कोर्टाची पायरी?"

"साक्षीला न्हाई नेत, भाऊ. सोबतीला नेते. बाकड्यावर बसायचं आनि यायचं."

"आनि रोज बुडंल त्याचं?"

"सरकार देनार. भाडं, ज्येवन, रोज. दर ठरल्यात समदे."

गेणूभाऊंनी डोकं खाजवलं. नुसतं बसायचा रोज त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी दिला नव्हता. म्हणाले, "बाप्यामानसाला नेता येत न्हाई व्हय?" साळुबाई दाराआडून हे सगळं ऐकत होत्या. मला त्यांची मूठ दिसली. दाराची चौकट त्यांनी अशी धरली होती की आता घर हलेल.

तारखेच्या दिवशी कळंबला आम्ही पहाटेची पुण्याची गाडी पकडली. वस्तीतली निम्मी माणसं थांब्यापर्यंत पोचवायला आली होती. प्रयागबाईंनी आत्याबाईंच्या हातात एक मोठी पुडी कोंबली आणि म्हणाल्या, "सरकार देऊ नाय तर न देऊ. ह्यो आमचा भत्ता." गाडी सुटली तेव्हा आत्याबाईंनी खिडकीतून हात हलवला. निवडणूक जिंकल्यासारख्या दिसत होत्या. मंचर गेलं, खेडचा घाट गेला. दोघी शेजारी बसून भत्ता खात होत्या आणि माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला सांगत होत्या, आम्हाला सरकारने बोलावलंय. साळुबाईंनी पुणं प्रथमच पाहिलं. शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, समद्या गावाची जत्रा यकाच दिशी!" माझा रुसवा कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

पण कोर्टाच्या दालनात शिरलो आणि जत्रा तिथेच संपली. पलीकडे कोंडीभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसला होता. त्याने साळुबाईंना पाहिलं आणि तो आधी गोंधळला, मग हसला. आपली बाई आहे, आपल्याच बाजूची, असं त्याला वाटलं असावं. साळुबाईंनी पदर कपाळावर ओढला.

आत्याबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. सरकारी वकीलबाईंनी विचारलं तसं त्यांनी सगळं सांगितलं. नंबर, पोतं, डबा, पीठ. आवाज खणखणीत. न्यायाधीश साहेब मजकूर सांगत होते, टायपिस्ट बडवत होता, आणि मला वाटत होतं की जिंकलो, जिंकलो!

"मग आरोपी काय बोलला?"

"जातीवरनं शिवी दिली."

"शब्द काय होता?"

आत्याबाईंनी नकाराची मान हलवली.

वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "पारूबाई, नेमका शब्द नोंदवावा लागतो. तेवढा सांगा."

"त्यो मी तोंडातनं काढनार न्हाई."

"तुम्ही बोलायचा नाही, तो काय बोलला ते..."

"तरी बी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "साहेब, छप्पन साली दीक्षा घ्येतली तवा मी सात वर्सांची व्हते. माझ्या बापानं आमा समद्या भावंडास्नी वळीनं हुबं केलं आनि सांगितलं, आजपासनं ह्यो शब्द आपला न्हाई. दुसऱ्यानं म्हनला तर त्याचं त्वांड. आपल्या तोंडात यायचा न्हाई. मी कबूल केलंया. बाप जाऊन बी लई वर्सं झाली. आता कुनापाशी परवानगी मागू?"

न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नव्हते. उलट त्यांचा आवाज मऊ झाला होता. पण सांगितलं ते कडूच. शब्दच नोंदला गेला नाही, तर या कलमाखाली केस उभी राहणं अवघड आहे, असं ते म्हणाले. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की आत्याबाई, सांगून टाका, एकदाच! पण मीही बौद्धाच्या घरची आहे. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

आरोपीचे वकील उठले. गडी खुशीत होता.

"बाई, आज तुम्हाला भत्ता मिळाला का नाही? खरं सांगा."

"मिळाला की," आत्याबाई म्हणाल्या.

वकिलांनी न्यायाधीशांकडे अर्थपूर्ण पाहिलं. "किती मिळाला?"

"पुडीभर."

"पुडीभर?"

"प्रयागबाईनं दिल्ता. खेडच्या घाटात निम्मा संपला. शेव लई तिखट व्हती."

आधी टायपिस्ट हसला. मग मागचे बाक. न्यायाधीश साहेबांनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. "सरकारी भत्त्याबद्दल विचारतोय मी!" वकील ओरडले.

"त्यो व्हय! त्यो अजून मिळायचाय. भाडं आनि रोज देनार हायेत. पर वकीलसाहेब, तुमी तरी फुकाट कुठं आलाय?"

आत्याबाई खरंच चुकल्या की मुद्दाम चुकल्या, हे मी आजवर शोधून काढू शकलेले नाही. मी तर हसता हसता रडायला लागले होते. पण वकील कसलेला होता. हसू ओसरू दिलं आणि मग शांतपणे म्हणाला, "बाई बोलायला चांगल्याच हुशार आहेत. सगळं बोलतात, फक्त एक शब्द बोलत नाहीत. कारण साधं आहे, साहेब. असा शब्द माझ्या अशिलाने उच्चारलाच नव्हता."

कोंडीभाऊने मान वर केली. आत्याबाईंनी कठडा धरला होता. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि ते उघडणार नव्हते, हे मला स्वच्छ दिसत होतं. बापाला दिलेल्या शब्दापायी केस हातची निघून चालली होती.

तेव्हा माझ्या शेजारची बाकड्यावरची जागा रिकामी झाली.

"मी सांगते," साळुबाई म्हणाल्या.

शिपाई धावला. "ओ मावशी, बसा खाली!"

"बसाया आले व्हते बाबा, पर बसवंना."

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं. उत्तर आलं पिंजऱ्यातून.

"ती माझी सोबत हाय, साहेब. माझ्या पसंतीची."

मग बरीच झोंबाझोंबी झाली. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात हजर असलेल्या कोणालाही कोर्ट साक्षीला घेऊ शकतं. आरोपीचे वकील म्हणाले, ही बाई सरकारी पैशाने आली आहे, सगळं ऐकत बसली आहे, आमची हरकत नोंदवा. हरकत नोंदवली गेली. न्यायाधीशांनी जाड पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं आणि साळुबाईंना शपथ द्यायला सांगितलं.

साळुबाईंनी नंबर सांगितला, पोतं सांगितलं, बाजरीचा डबा आपला होता हे सांगितलं. मग प्रश्न आला, शब्द कोणता?

त्यांच्या घरात तो शब्द मीठमिरचीसारखा रोजच्या वापरातला. लहानपणापासून ऐकलेला, बोललेला. कधी अडखळायचं कारण पडलं नव्हतं. पण आता त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. कोंडीभाऊकडे पाहिलं; दरवर्षी त्याच्याच रानात त्या कांदे काढायला जायच्या. मग आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी मान डोलावली नाही, खूण केली नाही. नुसत्या सरळ बघत उभ्या राहिल्या.

साळुबाई बोलल्या.

"मोठ्याने," टायपिस्ट म्हणाला. "ऐकू आलं नाही."

त्यांना तो पुन्हा बोलावा लागला. सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. नंतर पाठोपाठ यंत्राची टकटक झाली आणि शब्द कागदावर उमटला. मी तो इथे लिहिणार नाही. कोर्टात नोंदला गेला, तेवढा पुरे.

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

"भावकीतलं. दीर लागत्यात."

"आणि या पारूबाई? यांचं तुमचं नातं काय?"

साळुबाईंनी थोडा विचार केला. "दळनाचं."

"दिराविरुद्ध बोलताना काही वाटलं नाही तुम्हाला?"

"दोन वर्सं गप बसले की, साहेब. तवा त्यांच्याकडनंच व्हते."

निकाल पुढे आमच्या बाजूने लागला. कोंडीभाऊ अपिलात गेला. साळुबाईंना त्या साली भावकीत कोणी कांदे काढायला बोलावलं नाही, आणि गेणूभाऊ महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र मला नाचावंसं वाटत होतं! भत्त्याच्या कागदावर सह्या-अंगठे झाले, पैसे पुढच्या तारखेला मिळतील असं कळलं. साळुबाई म्हणाल्या, "माझा रोज नगं." आत्याबाईंनी ऐकून घेतलं नाही. "घ्यायचा. दिस बुडालाय तुझा. कायद्यानं ठरलंया."

बाहेर अंगणात नळ होता. साळुबाई तिथे जाऊन चूळ भरायला लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा. थांबेचनात. आत्याबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग नळाची धार बारीक झाली आणि पाणी गेलं.

आत्याबाईंनी पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला आणि झाकण फिरवलं. साळुबाई तशाच वाकलेल्या होत्या. त्यांनी वर न बघता दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर असंच पाणी प्यायलं होतं, दुसऱ्यांच्या दारात, वरून कोणी ओतेल तेव्हा. आत्याबाईंचा तांब्या धरलेला हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

त्यांनी पाणी ओतलं नाही. तांब्याच त्या ओंजळीत ठेवला.

"त्वांड लावून पी," त्या म्हणाल्या. "गाडीला येळ हाय."